एकशे सतरा नंबरची पिशवी

आमच्या प्रशिक्षण केंद्रात सगळे त्यांना किल्लेदार म्हणायचे. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. माणूस दिसायच्या आधी जुडग्याचा आवाज यायचा. मी मात्र त्यांना काका म्हणायचे, कारण मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात कुठली फाईल कुठे असते हे त्यांनीच मला दाखवलं होतं आणि पहिल्या आठवड्यात मी रडले तेव्हा पाण्याचा ग्लास आणून ठेवला होता. मी तशी रडणारी बाई नाही. तोंडाळ आहे, हे सगळं केंद्र सांगेल.

काकांचं काम एकच. सैन्यात भरती झालेली पोरं ट्रेनिंगला आली की त्यांचे फोन जमा करून घ्यायचे आणि सांभाळायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण एकशे चाळीस पोरांचे एकशे चाळीस फोन, आणि प्रत्येकाचा जीव त्यात अडकलेला. आधी काका कपड्यांच्या भांडारात बूट वाटायचे. शिडीवरून पडून गुडघा गेला, तेव्हा त्यांना ऑफिसमागच्या खोलीत बसवलं. दोन लोखंडी कपाटं, आत सुताराने ठोकून दिलेले खण, प्रत्येक खणात नाडीची एक कापडी पिशवी, पिशवीवर दोऱ्याने शिवलेला नंबर. गंमत म्हणजे काकांकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. घरी वायरचा जुना फोन होता, त्यावर सात वाजता मुलीचा फोन यायचा, तेवढा त्यांना पुरायचा. "एवढे फोन सांभाळतो, आणखी एक कशाला डोक्याला ताप?" म्हणायचे.

पहिल्या दिवशीचा प्रकार बघण्यासारखा असतो. पोरं बसमधून उतरतात, ड्रिलमास्तर उतरल्या क्षणापासून ओरडायला लागतात, आणि त्या गोंधळात प्रत्येकाला घरी एक फोन करायला मिळतो. एक मिनिट. बोलायचं काय, तेही ठरलेलं. हातात छापील कार्ड देतात, ते वाचायचं आणि ठेवायचं. 'मी सुखरूप पोचलो. माझा फोन आता जमा होईल. परवानगी मिळेल त्या रविवारी फोन करीन. काळजी करू नका. ठेवतो.' पलीकडे आई विचारतेय, जेवलास का रे? आणि हा सुतकी चेहऱ्याने वाचतोय, काळजी करू नका, ठेवतो. मग फोन बंद करायचा, काकांसमोर ठेवायचा, मी रजिस्टरमध्ये लिहायचं: काळा, डाव्या कोपऱ्यात तडा, नंबर अमुक.

ते कार्ड मी छापून घेतलं होतं. आधीचं फार बारीक अक्षरात होतं, पोरं अडखळायची, म्हणून मी अक्षर मोठं केलं. मोठं केल्यावर शेवटची ओळ पुढच्या बाजूला मावेना. ती मी मागे टाकली. ती ओळ होती, 'घरी काही तातडीचं झालं तर या नंबरवर कळवा', आणि खाली माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर. मागे पाहा, असं पुढे बारीक लिहिलं होतं खरं. पण कानात मास्तर ओरडत असताना कार्ड उलटून बघणार कोण? हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. अक्षर सुंदर आलंय म्हणून मी खूश होते.

दर रविवारी चार ते साडेचार फोन परत मिळायचे, तेही तुकडी नीट वागली तर. आणि इथे काकांनी नियम मोडला. पोरं प्रवास करून येतात, जमा करताना फोनमध्ये जेमतेम जीव असतो. रविवारी हातात आला की दोन मिनिटांत मान टाकतो. एकदा एक दांडगा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा पोरगा बंद फोन हातात घेऊन ढसाढसा रडला, ते काकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखाली आठ खाचांचा बोर्ड बसवला आणि गुरुवार-शुक्रवार पाळीपाळीने फोन चार्ज करायला सुरुवात केली. नियमात स्पष्ट होतं, जमा फोन बंद राहील, त्याला कुणी हात लावणार नाही. मी खवळले. "काका, तुम्हाला भिकेचे डोहाळे लागलेत का? आधीच एक मेमो आहे तुमच्या नावावर." एका पोराला वाढदिवसाच्या दिवशी गुपचूप फोन दिला होता, त्याचा मेमो. ते हसले फक्त. आणि पुढच्या आठवड्यात घरातले दोन जुने चार्जर मीच नेऊन दिले, हेही सांगते.

काही फोन चार्जिंगला लावले की आपोआप चालू होतात. काका असे फोन पालथे ठेवायचे आणि वर टॉवेल टाकायचे. "पोरांच्या घरातलं आहे, आपण बघायचं नसतं," म्हणायचे. मी म्हटलं, बघितलं तर काय झिजणार आहे? तर माझ्यावरच डोळे वटारले.

एकशे सतराचा फोन काकांचा लाडका होता. फोन साधाच, पण त्याला पँटच्या उरलेल्या कापडाचं कव्हर होतं. पोराचे वडील शिंपी. "टीप बघ," काका मला दाखवायचे, "केसभर इकडची तिकडे नाही." पोरगा अबोल होता. फोन ठेवताना कव्हरवरून एकदा बोट फिरवायचा, बस.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी, अकराच्या सुमाराला, काका माझ्या टेबलापाशी आले. जुडग्याचा आवाज आला नाही, कारण त्यांनी तो मुठीत गच्च धरला होता. दुसऱ्या हातात एकशे सतराचा फोन.

"अगं, थरथरत थरथरत टेबलावरून खाली पडत होता. झेलायला गेलो आणि दिसलं. मी मुद्दाम नाही बघितलं."

मी वाचलं. त्याच्या ताईचा मेसेज होता. बाबांना दवाखान्यात हलवलंय. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. शुद्धीवर आहेत, तुझा आवाज ऐकायचाय म्हणतात. कसंही करून फोन कर.

"मी साहेबांकडे चाललो," काका म्हणाले.

आणि मी त्यांचा हात धरला. इथून पुढचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"काय सांगणार साहेबांना? बंद फोनवर मेसेज कसा दिसला, हेच पहिलं विचारतील."

"खरं सांगेन. चार्ज करतो म्हणून."

"म्हणजे दुसरा मेमो. आठ महिने राहिलेत तुमचे. काकूंच्या औषधांचं काय, विचार केलात? आणि खरंच तातडीचं असतं तर घरच्यांनी ऑफिसला नसता केला फोन? बायका घाबरून काहीही लिहितात. परवाचा दिवस गेला की रविवार. पोरगा स्वतःच बघेल आणि बोलेल. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

काका उभेच राहिले. "आवाज ऐकायचाय म्हणतात," एवढंच पुन्हा म्हणाले. मी फोन त्यांच्या हातातून घेतला, बंद केला, कव्हरात घातला आणि पिशवीची गाठ मारली.

आता खरं ऐका. काकांच्या आठ महिन्यांची मला काळजी होती, नाही असं नाही. पण दर शनिवारी रजिस्टरात 'सर्व फोन बंद, कुणी हाताळलेले नाहीत' असं लिहिलेलं असायचं आणि त्याखाली दोन सह्या असायच्या. एक काकांची, एक माझी. मेमो दोघांना मिळाला असता. माझी बढतीची फाईल वर गेलेली होती. काकूंची औषधं मी तोंडावर फेकली, आणि पोटात होती ती माझी बढती. काकांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठीच जिवाचं रान करतेय.

शुक्रवारी दुपारी डबा खाताना माझ्या मनात आलं, अरे, एवढं सोपं आहे. टेबलावर फोन आहे. साहेबांना जाऊन सांगायचं, एकशे सतराच्या घरून फोन आला होता. एवढंसं खोटं. रोज मी स्टेशनरीवाल्याला, गॅसवाल्याला दहा वेळा खोटं बोलते. पण मग वाटलं, आलेल्या फोनांच्या वहीत नोंद करावी लागेल, किती वाजता आला विचारतील, पोरगा घरी विचारेल आणि घरचे म्हणतील, आम्ही नाही केला. कशाला लचांड? दोनच दिवस तर राहिलेत. मी डबा संपवला. धुऊन पिशवीत ठेवला.

शनिवारी सकाळी बराकीत झडती झाली आणि एका शहाण्याच्या उशीच्या खोळीत दुसरा फोन सापडला. तसं नेहमीचंच आहे हे. काही पोरं घरून एखादा मोडका फोन आणतात, तो जमा करतात आणि खरा लपवतात. मास्तरांनी अख्ख्या तुकडीचा रविवार रद्द केला. आता पुढच्या रविवारी.

मला हे रविवारी दुपारी कळलं, तेही काकांकडून. ते सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी आले होते, पहिल्यांदाच. दारातच उभे. "मी साहेबांच्या बंगल्यावर चाललोय," म्हणाले. "तुला सांगायला आलो, विचारायला नाही." मी चपला घातल्या आणि मागोमाग निघाले. वाटेत माझी अक्कल पुन्हा चालली. म्हटलं, "काका, निदान मेसेज आज सकाळी दिसला म्हणा. तेवढं तरी ऐका माझं."

साहेबांसमोर काकांनी बोर्ड, चार्जिंग, सगळं कबूल केलं. साहेबांनी विचारलं, "मेसेज केव्हा पाहिलात?" काकांनी तोंड उघडलं आणि मी मध्येच बोलले, "आत्ताच, सर. आज सकाळी. दिसल्या दिसल्या आलो." काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

एकशे सतराला बोलावलं. साहेबांच्या खोलीतच त्याने फोन लावला. आम्ही दाराबाहेर होतो. "ताई, बाबांना दे," असं तो म्हणाला. शनिवारी सकाळी वडील गेले होते. सगळं उरकलंही होतं.

साहेबांनी त्याला हळू आवाजात विचारलं, "घरच्यांनी ऑफिसला का नाही कळवलं?" तो म्हणाला, "नंबर नव्हता, सर. कार्डावर नव्हता." साहेबांनी कार्ड मागवलं. पुढची बाजू वाचली, उलटलं, मागची वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि मेमोचं काय झालं, ऐकायचंय? साहेब काकांना म्हणाले, "चार्ज करत होता, तर चोरून कशाला? मला सांगायचं. सुताराकडून नीट फळी करून घ्या." संपलं. एका ओळीची ताकीद, तीही तोंडी. पंधरा दिवसांत भिंतीवर चार्जिंगची चकचकीत फळी लागली. ज्या भीतीने मी तीन दिवस गप्प बसले आणि बसवलं, ती भीती मुळी खोटीच निघाली. त्या फळीकडे मी आजही बघायचं टाळते. माझी बढतीसुद्धा झाली.

पोरगा दहा दिवसांची रजा संपवून परत आला, तो आधी आमच्या खोलीत. फोन जमा करायचा होता. चेहरा उतरला होता, पण काकांना बघून तो पुढे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नोकरी धोक्यात घालून साहेबांना सांगितलंत. मला मास्तरांनी सांगितलं सगळं. आणि फोन चार्ज होता म्हणून जाताना बसमध्ये बाबांनी पाठवलेले आवाजाचे मेसेज ऐकता आले. त्यांना टाईप करता यायचं नाही. सहा मेसेज होते. तुमचे उपकार..."

"थांब," काका म्हणाले.

मी रजिस्टर उघडून बसले होते. पेन हातात. मला कळलं, आता हे काय बोलणार.

"मला रविवारी नाही दिसलं रे. गुरुवारी दिसलं होतं. मी सांगितलं नाही. घाबरलो."

पोरगा तसाच उभा. दिवस मोजल्यासारखे त्याचे ओठ हलले. मग म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बोलत होते ते."

माझं नाव काकांनी घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी? मी, जिच्या तोंडाला अख्खं केंद्र घाबरतं ती, पेनाचं टोपण लावत होते आणि काढत होते. पोराने कव्हरासकट फोन पिशवीत घातला, गाठ मारली, माझ्यापुढे येऊन सही केली आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम." काकांकडे न बघता निघून गेला.

त्यानंतर ट्रेनिंग संपेपर्यंत, चार महिने, तो रविवारी दुसऱ्या कुणाला तरी पिशवी आणायला पाठवायचा. निरोपाच्या परेडला त्याची ताई आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही साहेबांकडे गेलात म्हणून त्याला निदान त्या दिवशी तरी कळलं," म्हणाली. काका दोन हातांवर उभे होते. त्यांच्याकडे तिने पाठ केली होती. मी म्हणायला गेले, "ताई, खरं म्हणजे..." आणि हात सोडवून रजिस्टर उघडलं. तेवढ्यात काकाच म्हणाले, "बाई, रजिस्टर द्या इकडे, सह्या राहिल्यात." एरवी मला अगं-तुगं करणारा माणूस. मला वाचवायला त्यांनी मला बाई म्हटलं. आणि मी मुकाट्याने रजिस्टर दिलं. पोरगा सही करून फोन घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "थँक्यू मॅडम. येतो."

साडेतीन महिन्यांनी काका निवृत्त झाले. जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता तू किल्लेदार." सगळे हसले. नवीन कार्डं मी छापून घेतली, नंबर सगळ्यात वर, ठळक. पोरं फोनवर पहिला तोच वाचतात, मी समोर उभी राहून वाचून घेते. कुणी गाळला तर मास्तरांपेक्षा मोठ्याने ओरडते. त्याने काय होतंय? जे व्हायचं ते होऊन गेलं.

काकांकडे मी अधूनमधून जाते, बहुतेक रविवारीच. चार वाजले की ते वायरच्या फोनाजवळच्या खुर्चीत येऊन बसतात. कुणाचा येणार असतो असं नाही. काकू म्हणतात, सवय. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, मी त्या पोराला कळवते खरं काय ते." तर म्हणाले, "नको. पाय माझे होते ना? मी गेलो असतो तर तू काय मला बांधून ठेवणार होतीस?" आणि चहा टाकायला काकूंना हाक मारली. मी तो चहा प्यायले. सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

गेल्या मंगळवारी टेबलावरचा फोन वाजला. वहीत नोंद केली आहे, अकरा वाजून वीस मिनिटं. "मॅडम, ओळखलंत का? एकशे सतरा."

दोन वर्षं झाली होती. आवाज भरला होता त्याचा. कसा आहेस, कुठे आहेस, सगळं विचारून झालं. मग तो म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. आता माझ्या हाताखाली नवी पोरं आहेत. त्यांचे फोन माझ्याकडे असतात. परवा एकाचा वाजत होता, आणि मला काका आठवले. मॅडम, काका तसे नव्हते हो. ज्या माणसाने आमच्यासाठी चोरून बोर्ड बसवला, तो मेसेज वाचून तीन दिवस गप्प बसणार नाही. मी तेव्हा रागात होतो, डोकं चाललं नाही. त्यांना कुणी थांबवलं होतं का?"

खिडकीबाहेर मैदानात नवी तुकडी कवायत करत होती. टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. मनात आलं, म्हणावं, मला काय माहीत बाबा. सवयीने ओठांवर आलंसुद्धा होतं.

"मी," मी म्हटलं. "मी थांबवलं. ते निघालेच होते साहेबांकडे. मी हात धरला. माझी सही होती रजिस्टरावर, म्हणून. रविवारी सकाळी दिसलं, हे खोटंही माझंच."

तो एवढंच म्हणाला, "काकांच्या घरचा नंबर द्या."

मी सांगितला. एकेक आकडा, सावकाश. त्याने परत म्हणून दाखवला. मी म्हटलं, बरोबर आहे, रविवारी चारला लाव, फोनाजवळच बसलेले असतात.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. या वेळी थँक्यू म्हणाला नाही.